जुन्या गाडीतला नवा गॅस

माझ्या मुलीला घाम येत नाही. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे, की आता सांगताना आवाज जड होत नाही. अंगणवाडीच्या बाईंना, एसटीच्या कंडक्टरला, लग्नघरातल्या बायकांना. ऐकणारा आधी हसतो. "बरंय की मग," म्हणतो. घाम न येणं ही त्याला सोय वाटते. मग मी सांगते, की घामच आला नाही तर अंगातली उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही, आणि थोडा वेळ उन्हात खेळली तरी तिला ताप चढतो. तेव्हा हसू थांबतं.

ती हिवाळ्यात जन्मली, राजुरीत. पहिले काही महिने सगळं ठीक होतं. होळी झाली आणि तिला ताप येऊ लागला. संध्याकाळी उतरायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर. नारायणगावच्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. खरी गोष्ट लक्षात आली ती सासूबाईंच्या. पोरीला मांडीवर घेऊन बसल्या असताना त्या म्हणाल्या, "हिचं अंग बघ, तव्यावानी तापलंय. पन घामाचा टिपूस न्हाई. मानंखाली सुद्धा न्हाई." पुण्याच्या डॉक्टरांनी या प्रकाराला एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. दात कमी येतील, केस विरळ राहतील, बाकी ती चारचौघींसारखीच वाढेल, असं म्हणाले. औषध विचारलं तर म्हणाले, "औषध नाही. हिला थंड ठेवायचं."

थंड ठेवायचं म्हणजे काय, ते आम्ही दोघांनी आपापल्या परीनं शोधलं. मी शेजारच्या गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. मी तिचं बनियन ओलं करून घालायला लागले, वाळलं की पुन्हा भिजवायचं. नवरा शेती करायचा. त्यानं बागेतले ठिबकचे जुने पाइप घराच्या पत्र्यावर अंथरले. वीज असेल तेव्हा दुपारभर पत्र्यावर थेंब थेंब पाणी पडत राहायचं. खालच्या खोलीत त्यामुळे बराच फरक पडायचा. पावसाळ्यात आणि थंडीत ती साधी मुलगी असायची. फेब्रुवारी संपत आला की आमचं घर कामाला लागायचं.

अडचण घराची नव्हती, रस्त्याची होती. ती शाळेत जायला लागली तेव्हा उन्हाळ्यात तिला मोटारसायकलवर नेणं शक्य होईना. पुण्याला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं तर एसटीत ओल्या फडक्यांची पिशवी घेऊन बसावं लागायचं, आणि मंचर येईपर्यंत फडकी कोमट व्हायची. नव्वदचं दशक संपत आलं असताना नवऱ्याच्या पुण्यातल्या मावशींनी निरोप धाडला. मावशींचे यजमान आपली जुनी गाडी विकायला काढणार होते. गाडीला एसी होता. त्या वर्षी बाग बरी आली होती. आम्ही गाडी घेतली.

पांढरी, चौकोनी, आतून तपकिरी. काचा वर केल्या आणि एसीचं बटण फिरवलं की गार हवेचा झोत यायचा आणि त्यात जुन्या कापडाचा वास असायचा. पहिल्या दिवशी मुलीनं जाळीसमोर तोंड धरलं आणि गावापासून आळेफाट्यापर्यंत ती तशीच बसली. मी त्याच वर्षी गाडी चालवायला शिकले. उन्हाळ्यात नवऱ्याला सकाळचं शेत सोडता यायचं नाही, म्हणून तिला तिच्या शाळेत सोडून मी पुढं माझ्या शाळेत जायचे.

गावात बोललं गेलं. "मास्तरीणबाईंला आता गार हवा लागती," असं एकीनं पाणवठ्यावर म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. कुणी समोर म्हणालं तर मी सांगायचे, मागून म्हणालं तर सोडून द्यायचे. शेवटी सगळ्यांना कळलंच. नंतर नंतर तर उन्हात गाडी थांबलेली दिसली की बायका दारातून हाक मारायच्या, "पोरीला आत आना बाई, हितं सावली हाय."

अशी काही वर्षं गेली. मुलगी तिसरीत होती. फेब्रुवारीत मी गाडीचा एसी लावून पाहिला तर साधी वाऱ्यासारखी हवा आली. नारायणगावच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून बंद केलं. गॅस संपला होता, आणि या गाडीत लागणारा गॅस त्याच्याकडे नव्हता. जुन्नरला एक मिस्त्री आहे, फ्रिज आणि बर्फाच्या कारखान्याची मशिनं दुरुस्त करतो, त्याला विचारा म्हणाला.

मिस्त्रीचं दुकान जुन्नरच्या बाजारपेठेच्या मागं होतं. त्याचे वडीलही तांब्याच्या नळ्या जोडायचंच काम करायचे. माणूस पन्नाशीला आलेला, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं भरभर. दुकानात दारं काढलेले फ्रिज ओळीनं उभे होते. त्यानं गाडीचे पाइप चाचपले आणि एका जोडावर साबणाचं पाणी लावून आम्हाला बुडबुडा दाखवला.

"हितून गेला. ह्यो जोड मी करून देतो. पन बाई, गॅसचं अवघड हाय. तुमच्या गाडीत बारा नंबर लागतो. त्यो आता येत न्हाई नीट. आला तर भेसळीचा येतो."

"का येत नाही?"

"वर आभाळात भोक पडतंय म्हनं त्यानं."

मला हे ठाऊक होतं. दरवर्षी ओझोनच्या थराचा धडा मी फळ्यावर पृथ्वी काढून, तिच्याभोवती खडूची दुसरी रेघ मारून शिकवत होते. रेघेला एका जागी बोटानं पुसून भोक पाडायचे. मुलं वहीत तसंच भोक पाडायची. त्या भोकाचा आणि माझ्या गाडीचा संबंध आहे, हे वाचलेलं होतं, पण ते जुन्नरच्या बोळात असं समोर येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

"मग उपाय काय?" नवऱ्यानं विचारलं.

मिस्त्रीनं आवाज जरा खाली आणला. "चुलीचा गॅस भरतो. सैपाकाचा. हसू नका भाऊ, लई गार करतो त्यो. मी दोन गाड्यांत भरलाय. एक वतूरला पळतीय."

"आणि गळला तर?" मी म्हणाले.

"वास येतोच की."

नवरा तयार होता. परतीच्या वाटेवर गाडीतच आमचं वाजलं. तो म्हणाला, "गॅस घरात न्हाई का? सैपाकघरात रोज बसती की ती तुझ्याजवळ."

"सैपाकघराला खिडकी असते. गाडीच्या काचा आपण मुद्दाम बंद करतो. आणि ती गाडीत झोपते. वास कोणाला येणार?"

"मी असतो ना."

"तुम्ही नसताच. मी असते, आणि मी पुढं बघून गाडी चालवते."

त्यानं गिअर बदलला. म्हणाला, "मार्च आलाय. तुला काय सुचतंय ते सांग मग."

मी फक्त नाही म्हणत होते. पुन्हा जुन्नरला गेलो तेव्हा मिस्त्रीला तेच सांगितलं, तर त्याला राग आला नाही. म्हणाला, "मग नव्या गाड्यांतला भरू, वन थर्टीफोर. आभाळाचं बी काय न्हाई त्याला आन आगीचं बी न्हाई. पन काम वाढतं. जुनं तेल ह्या गॅसासंगं फिरत न्हाई, ते सगळं काढायला लागंल. रबराच्या रिंगा बदलायच्या, नळीतली ओल सुकवायची बाटली बदलायची. आन आधीसारखं गार व्हईल असं सांगत न्हाई. गाडी त्या गॅससाठी केलेलीच न्हाई."

"तुम्ही आधी केलंय असं?"

"जुन्या गाडीत न्हाई केलं," तो म्हणाला. "पुन्याला एक दोस्त करतो. त्याला इचारून घेतो."

गाडी काही दिवस त्याच्या दुकानासमोर बॉनेट उघडं ठेवून उभी होती. मी एकदा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बघायला गेले. त्यानं जोड सैल केला तेव्हा नळीत उरलेला जुना गॅस फुस्स करून निघून गेला. फार नव्हता. मिस्त्री पान चघळत दुसरीकडे बघत होता. आवाज थांबल्यावर त्यानं पाना उचलला.

गॅस भरला त्या दिवशी एसी छान चालला. जुन्नर ते राजुरी रस्त्यावर हवा गार लागली, पूर्वीइतकी नसेल, पण गार. मुलीनं हात जाळीवर ठेवून "चालेल" म्हणून निकाल दिला. आम्हाला वाटलं, झालं काम.

मार्चअखेरीला पुण्याला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. तिचे वरचे दात मोजकेच आलेले, तेही टोकदार. त्यांनी तिच्या मापाची छोटी कवळी करायला घेतली होती आणि त्या दिवशी ती बसवून बघायची होती. पहाटे निघालो, वेळेत पोचलो. तिथं थांबावं लागलं. कवळी बसली. मुलगी गाडीच्या आरशात तोंड वाकडंतिकडं करून दात बघत होती. परत निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

खेड ओलांडलं, घाट लागला आणि गाड्या थांबल्या. वर कुठंतरी उसाचा ट्रक उलटला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या, समोरून येणारी रांगही अडकलेली. नवऱ्यानं इंजिन चालू ठेवलं, एसी चालू होता. जरा वेळानं मला वाटलं, हवा तितकी गार नाही. मग ती साधी झाली. मग जाळीतून चक्क गरम हवा यायला लागली. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढत होता, म्हणून नवऱ्यानं तेही बंद केलं. काचा खाली केल्या. बाहेरून डांबराची झळ आत आली.

आमच्याजवळ पाण्याची बाटली होती, निम्मी. मी ती तिच्या डोक्यावर आणि छातीवर ओतली. नवरा दुसरी रिकामी बाटली घेऊन गाड्यांच्या रांगेतून खाली पळत गेला. त्या वळणावर झाड नव्हतं, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. मुलीचा चेहरा लाल झाला होता. ती बोलायची थांबली. तिच्या कपाळाला हात लावला की ताप किती ते कळायचं. माझ्या हाताला सवय होती, थर्मामीटर लागायचा नाही.

समोरून येणाऱ्या रांगेत आमच्या अगदी बाजूला एक बंद ट्रक उभा होता. पांढरी पेटी, पुढच्या टपावर पेटी गार ठेवायचं यंत्र घरघरत होतं. नारायणगावहून द्राक्षं घेऊन मुंबईला निघालेला. हंगामात अशा गाड्या रोज दिसायच्या, पण मी त्यांच्याकडे कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर उत्तरेकडचा, तरणाच होता. वरून बघत होता.

"बच्ची को क्या हुआ?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत ते वाक्य सांगितलं. इसको पसीना नहीं आता. गाडी का एसी बंद पड गया. बुखार चढ रहा है.

तो हसला नाही. "पसीना नहीं आता?" एवढंच म्हणाला. मग मीच विचारलं, "अंदर ठंडा है ना?"

त्यानं आधी आरशातून मागं पाहिलं. "खोलने का मना है, दीदी. माल एक्सपोर्ट का नहीं है, फिर भी. सेठ का माल है."

मी मुलीला उचलून गाडीबाहेर आले आणि त्याच्या ट्रकच्या सावलीत उभी राहिले, कारण तेवढीच सावली होती. तो खाली उतरला. आमच्याकडे न बघता मागं गेला आणि कडी ओढल्याचा आवाज आला.

"जल्दी चढो. दरवाजा पूरा नहीं खोलूंगा."

दारातून आत जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा होती, पुढं छतापर्यंत खोकी. मी खाली बसले, तिला मांडीवर घेतलं. त्यानं दार लोटलं, एक फट ठेवली आणि फटीत स्वतःचा हात अडकवून तो बाहेर उभा राहिला. आत पुठ्ठ्याचा वास होता, आणि त्याखाली द्राक्षांचा, कच्चट. थंडी आधी माझ्या पावलांना लागली, मग पाठीला. तिचा ओला फ्रॉक गार झाला. मी तिच्या मानेखाली हात घालून बसले होते. बराच वेळ काही बदललं नाही. मग मानेखालची जागा निवायला लागली.

"आई," ती म्हणाली, "थंडी वाजतीये."

मला तिला आणखी थोडा वेळ आत ठेवायचं होतं. मी तिला म्हटलं, वाजू दे. ती दात वाजवायला लागली, आणि नव्या कवळीचा टकटक आवाज व्हायला लागला. तो तिनं ऐकला आणि मुद्दाम आणखी वाजवला.

बाहेर नवऱ्याचा आवाज आला. तो पाणी घेऊन परतला होता आणि रिकाम्या गाडीपाशी मला हाका मारत होता. ड्रायव्हरनं त्याला बोलावलं असावं. फटीतून नवऱ्याचा चेहरा दिसला, घामानं निथळत असलेला. त्यानं आत बघितलं, मुलीनं त्याला दात वाजवून दाखवले. तो दाराला टेकून खाली बसला.

आम्ही उतरलो तेव्हा मुलीनं खोक्याकडे बोट दाखवून द्राक्षं मागितली. ड्रायव्हर म्हणाला, "डिब्बा पॅक है, बेटा." आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळात वरची रांग हलली. नवऱ्यानं त्याचा हात धरला, पण काही बोलायच्या आत मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले आणि तो चढून निघून गेला. त्याचं नाव, गाव काही विचारायचं राहिलं. दार उघडलं म्हणून त्याला पुढं कोणी बोललं का, हेही आम्हाला कधी कळलं नाही.

गाडी पळायला लागली तसा एसी पुन्हा गार झाला. याचाच नवऱ्याला जास्त संताप आला. दुसऱ्या दिवशी तो जुन्नरला गेला तो भांडायच्या तयारीनं. दुपारी मिस्त्रीला गाडीत बसवूनच घरी घेऊन आला.

मिस्त्री ओट्यावर बसला. त्यानं माझ्याकडून सगळं पुन्हा ऐकून घेतलं. मुलगी आतल्या खोलीत पत्र्याखाली खेळत होती, तिच्याकडे त्यानं एकदा पाहिलं.

"चालत्या गाडीत गार, उभ्या गाडीत गरम. असंच ना?"

"असंच."

"मंग माझंच चुकलं," तो म्हणाला. "जुना गॅस भरताना नळीवर काच असती, तिच्यात बघायचं. बुडबुडे गेले की भरला. मी ह्यो बी तसाच भरला. पुन्याच्या दोस्ताला सकाळी फोन लावला तर त्यो शिव्या द्यायला लागला. ह्या गॅसाला काचंत बघायचंच नसतं, म्हनला. जुन्यापेक्षा कमीच भरायचा असतो. जादा झाला की उभ्या गाडीत दाब चढतो."

मी "असू द्या" म्हणाले नाही. म्हणावंसं वाटलं नाही. सासूबाईंनी चहा आणून ठेवला, तो त्यानं घेतला.

पुढचं काम त्यानं काळजीनं केलं. भरलेला गॅस काढून पुन्हा वजनावर तोलून भरला. गाडीच्या नाकाशी, बॉनेटपुढच्या जाळीच्या मागं, भंगारातल्या एका गाडीचा विजेचा पंखा बसवला, म्हणजे गाडी उभी असली तरी नळ्यांवर वारा राहील. मग निरोप आला, बाईंना घेऊन या, भरदुपारी या.

त्यानं गाडी दुकानासमोर मुद्दाम उन्हात लावली होती. इंजिन चालू, काचा बंद. तो चालकाच्या जागी बसला, मी मागं, मुलगी बसते तिथं. बर्फाच्या कारखान्यातला लांब थर्मामीटर त्यानं एसीच्या जाळीत खोचला होता. आम्ही नुसते बसून राहिलो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. शेजारचा शिंपी मशिन थांबवून दारात आला. कोणीतरी काचेवर टकटक करून विचारलं, "काय झालं?" मिस्त्रीनं हातानंच पुढं जा म्हटलं.

"घरात सांगितलं मी," तो आरशात न बघता म्हणाला. "बायको म्हनली, पोरगी कशी हाय ते इचारून या."

"बरी आहे."

"दात बसले?"

"बसले."

नवरा बाहेर पानाच्या टपरीखाली उभा होता. माझ्या हाताला लागणारी हवा गारच राहिली. फार गार नाही, माठाच्या पाण्यासारखी. अखेर त्यानं थर्मामीटर काढून उजेडात धरला, माझ्याकडे दिला आणि इंजिन बंद केलं.

त्यानंतर गाडी आमच्याकडे बरीच वर्षं राहिली. गॅस मधूनअधून थोडा कमी व्हायचा, जुने पाइप ते, मिस्त्री उन्हाळ्याआधी येऊन बघून जायचा. पूर्वीसारखी बोचरी थंड हवा त्या गाडीत पुन्हा कधी आली नाही. पण उभ्या गाडीतही ती टिकायची, आणि आम्हाला तेवढं पुरत होतं. घाटात मात्र मी पाण्याचा कॅन आणि थर्मासमध्ये बर्फ घेतल्याशिवाय कधी गेले नाही.

मुलगी स्वतःला ओळखायला शिकली. कपाळाला माझा हात लागायच्या आधी तीच सांगायची, आता ओलं फडकं दे, किंवा आता नको. दहावीच्या परीक्षेला तिचं केंद्र जुन्नरला होतं. शाळेनं तिला खिडकीजवळची, पंख्याखालची जागा दिली होती. शेवटचा पेपर सुटला तेव्हा ऊन कलत होतं. मी एसी आधीच लावून गाडी गार करून ठेवली होती. ती पुढं बसली, पट्टीपेनाची पिशवी पायाशी टाकली आणि काही अंतर गेल्यावर म्हणाली, "आई, बंद कर तो."

"ऊन आहे अजून."

"कळतं मला. बंद कर."

मी बंद केला. तिनं काच खाली केली, हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि बोटं पसरली. रस्त्याच्या कडेला कांदा काढणी चालली होती, पातीचा वास आत येत होता. राजुरी येईपर्यंत तिनं काच वर केली नाही.